सर्व्हर बंद पडला तरी समूह टिकावा यासाठी

आभासी जगात, म्हणजे इंटरनेटवरच्या ज्या कृत्रिम जागेत अनेक माणसे एकाच वेळी वावरतात तिथे, समूह उभारू पाहणाऱ्याने एक गोष्ट आरंभीच स्वीकारलेली बरी. ज्या जागेवर आपण घरे, चौक आणि सभागृहे बांधणार आहोत ती जागा बहुतेक वेळा दुसऱ्याच्या सर्व्हरवर असते आणि ती केव्हा बंद करायची हे ठरवण्याचा अधिकार आपल्याला नसतो. 'द सिम्स ऑनलाइन' २००२ मध्ये सुरू झाले आणि २००८ च्या ऑगस्टमध्ये बंद झाले. गूगलचे 'लाइव्हली' २००८ मध्येच आले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस गेले. मुलांमध्ये अतिशय लोकप्रिय असलेले 'क्लब पेंग्विन' २०१७ च्या मार्चमध्ये, तर मायक्रोसॉफ्टच्या ताब्यातले 'ऑल्टस्पेसव्हीआर' २०२३ च्या मार्चमध्ये बंद करण्यात आले. या प्रत्येक ठिकाणी माणसांनी मैत्री जोडली होती, सण साजरे केले होते आणि एकमेकांच्या अडचणीत साथ दिली होती. तरीही अशा प्रसंगांतून काही समूह सावरले, आणि ते कसे सावरले हे पाहिले की पहिल्या दिवसापासून काय करायला हवे ते कळते.

'उरू' या २००३ मधील खेळाचे उदाहरण मला या बाबतीत सर्वांत बोलके वाटते. त्याचा ऑनलाइन भाग २००४ च्या फेब्रुवारीत रद्द झाला, तेव्हा तेथे भेटणाऱ्या खेळाडूंचे गट 'देअर' आणि 'सेकंड लाइफ' या दुसऱ्या जगांत गेले, स्वतःला 'उरूचे निर्वासित' म्हणवू लागले आणि हरवलेल्या वास्तूंच्या प्रतिकृती त्यांनी नव्या जागी स्वतः उभ्या केल्या. संशोधक सीलिया पिअर्स यांनी या स्थलांतराचा बारकाईने अभ्यास केला आहे. पुढे २०१० च्या मार्चमध्ये 'देअर'ही बंद झाले आणि २०१२ मध्ये पुन्हा उघडले. या सगळ्या उलथापालथीत टिकून राहिल्या त्या तीन गोष्टी: एकमेकांपर्यंत पोहोचण्याची जगाबाहेरची साधने, समूहाची जपलेली स्मृती आणि एकत्र निर्णय घेण्याची रुळलेली पद्धत. या तीन गोष्टी समूहाच्या हाती असतील तर बांधकाम पुन्हा करता येते. त्या नसतील तर सर्व्हर सुरळीत चालू असतानाही समूह विरून जाऊ शकतो.

जग कोणते निवडावे

निवड करताना चित्रांचा देखणेपणा आणि सदस्यसंख्या यांच्या आधी एक प्रश्न विचारावा: येथे आपण जे बांधू त्याची प्रत आपल्या संगणकावर उतरवता येईल का? 'माइनक्राफ्ट' या बांधकामाच्या खेळाच्या जावा आवृत्तीत संपूर्ण जग म्हणजे एक फोल्डर असतो आणि त्याचा सर्व्हर कोणालाही स्वतः चालवता येतो, म्हणून त्या फोल्डरचा नियमित बॅकअप घेणाऱ्या समूहाचे बांधकाम एखाद्या यंत्रातील बिघाडामुळे नाहीसे होत नाही. २००७ मध्ये सुरू झालेला 'ओपनसिम्युलेटर' हा ओपन सोर्स, म्हणजे मूळ कोड सर्वांना खुला असलेला, प्रकल्प याच्याही पुढे जातो. त्यात एक संपूर्ण प्रदेश, जमिनीच्या चढउतारांपासून सभागृहातील खुर्च्यांपर्यंत, एकाच फाइलमध्ये साठवून दुसऱ्या सर्व्हरवर पुन्हा उभा करता येतो, आणि 'हायपरग्रिड' या सोयीमुळे एका सर्व्हरवरील अवतार, म्हणजे सदस्याचे त्या जगातले रूप, दुसऱ्या सर्व्हरवर पाहुणा म्हणून जाऊ शकतो. 'सेकंड लाइफ'ने २००३ पासून रहिवाशांना स्वतःच्या निर्मितीवरील बौद्धिक संपदेचे हक्क दिले आहेत, मात्र हक्क असला म्हणजे ती वस्तू बाहेर नेता येईलच असे नाही. विशेषतः इतरांकडून विकत घेतलेल्या वस्तू सहसा मागेच राहतात.

'रोब्लॉक्स' किंवा 'व्हीआरचॅट' यांसारखी जगे कंपनीच्या सर्व्हरवरच चालतात. ती टाळावीत असे मी म्हणणार नाही, कारण जिथे माणसांचा वावर आधीपासून आहे तिथे समूह लवकर रुजतो. मात्र अशा ठिकाणी बांधकाम करताना प्रत्येक वस्तूची मूळ फाइल, म्हणजे ब्लेंडरसारख्या त्रिमितीय वस्तू घडवण्याच्या प्रोग्रॅममध्ये तयार केलेले मॉडेल, त्यावरची चित्रे, ध्वनी आणि स्क्रिप्ट (वस्तूने कसे वागावे हे सांगणाऱ्या सूचना), समूहाच्या स्वतःच्या साठ्यात ठेवावी आणि सोबत ती कोणी केली व तिचा पुनर्वापर करण्यास त्याची परवानगी आहे का, हे एका ओळीत लिहून ठेवावे. पाच वर्षांनी ती वस्तू दुसरीकडे न्यायची वेळ येईल, तेव्हा तिचा निर्माता कदाचित समूहात नसेल.

सदस्यांकडे कोणती साधने आहेत, हेही पाहिले पाहिजे. डोळ्यांवर चढवायच्या व्हीआर हेडसेटशिवाय आत येता येत नसेल, तर ज्यांना तो परवडत नाही, ज्यांना तो घातल्यावर मळमळते किंवा ज्यांची दृष्टी अधू आहे, अशा सगळ्यांना आपण दारातच थांबवतो. साध्या संगणकावरून किंवा फोनवरून प्रवेश मिळतो आणि बोलण्याबरोबर लिहूनही संवाद साधता येतो, असे जग शक्यतो निवडावे.

पहिल्या भेटी

सुरुवात थोडक्या माणसांनी करावी. दहा-बारा जण आठवड्यातील ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, एकाच जागी भेटत राहिले, तर काही महिन्यांत त्या भेटीभोवती सवयी, संदर्भ आणि विनोद तयार होतात. शंभर जणांना एकदाच बोलावून ते होत नाही. सदस्य जगाच्या वेगवेगळ्या भागांत असतील तर भेटीच्या दोन वेळा आलटून पालटून ठेवाव्यात आणि त्या जाहीर करताना जागतिक प्रमाणवेळही नोंदवावी.

कार्यक्रमांची आखणी करताना 'हॅबिटॅट'च्या निर्मात्यांचा अनुभव लक्षात घ्यावा. लुकासफिल्म गेम्सने १९८६ मध्ये कमोडोर ६४ या संगणकासाठी चाचणीला आणलेले ते जग, चित्रमय आणि अनेकांनी एकत्र राहण्याच्या आभासी जगांतील अगदी आरंभीचे. चिप मॉर्निंगस्टार आणि रँडी फार्मर यांनी तेथील रहिवाशांसाठी खजिन्याचा एक मोठा शोध कित्येक आठवडे खपून उभारला, आणि एका खेळाडूने तो सुमारे आठ तासांत सोडवून टाकला. बाकीच्यांना त्यात भाग घेण्याची नीट संधीही मिळाली नाही. समूहाचे जीवन वरून आखून देता येत नाही, हा धडा त्यांनी त्यातून घेतला. म्हणून आयोजकांनी मोकळी जागा, साधने आणि ठरलेली वेळ द्यावी, आणि कोणी कवितावाचन सुरू केले, कोणी नवख्यांना बांधकाम शिकवू लागले, तर त्यांच्या पाठीशी उभे राहावे. जो सदस्य काही सुरू करतो तो टिकण्याची शक्यता प्रेक्षक म्हणून येणाऱ्यापेक्षा पुष्कळ अधिक असते.

नवख्यांकडे लक्ष देण्याचे काम मात्र कोणाकडे तरी निश्चित सोपवलेच पाहिजे. नवा माणूस पहिल्या काही मिनिटांत कोणीतरी नावाने हाक मारते का हे पाहत असतो. माइक कसा सुरू करायचा, नकोशा व्यक्तीला म्यूट किंवा ब्लॉक कसे करायचे, या दोन गोष्टी त्याला त्याच भेटीत दाखवाव्यात.

नियम, तक्रारी आणि निर्णय

समूह फुटतात ते बहुधा याच ठिकाणी, म्हणून येथे सविस्तर लिहितो. पॅव्हेल कर्टिस यांनी १९९० मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात 'लॅम्डामू' हे केवळ अक्षरांनी बनलेले जग सुरू केले. तेथील व्यवस्थापकांना 'विझार्ड' म्हणत. १९९२ च्या अखेरीस कर्टिस यांनी जाहीर केले की विझार्ड यापुढे केवळ तांत्रिक देखभाल करतील आणि सामाजिक प्रश्न रहिवाशांनी आपापसांत सोडवावेत. त्यानंतर काही महिन्यांतच एका वापरकर्त्याने एका प्रोग्रॅमच्या साह्याने इतरांची पात्रे लैंगिक आणि हिंसक कृत्ये करत आहेत असे त्या जगातील दिवाणखान्यात सर्वांसमोर दाखवले. रहिवाशांनी सभा घेतली, तासन्‌तास चर्चा झाली, पण निर्णय कोणी आणि कसा घ्यायचा हेच ठरलेले नसल्यामुळे सभा निष्पत्तीविना संपली; शेवटी एका विझार्डने स्वतःच्या अधिकारात त्या पात्राचे खाते काढून टाकले. पुढे कर्टिस यांनी अर्ज आणि मतदानाची पद्धत आणली, तीही पुरी पडली नाही, आणि १९९६ मध्ये विझार्डांनी सामाजिक निर्णय पुन्हा आपल्याकडे घेत असल्याचे सांगितले.

यावरून माझे मत असे बनले आहे की निर्णयाची पद्धत पहिल्या तंट्याच्या आधी लिहिलेली असावी, आणि ती एका पानात मावावी. त्या पानावर चार बाबी स्पष्ट असाव्यात: तक्रार कोणाकडे करायची, तिचे उत्तर किती दिवसांत मिळेल, निर्णय कोण घेईल, आणि तो मान्य नसेल तर दाद कोणाकडे मागायची. तक्रार ज्या व्यक्तीविरुद्ध आहे तिचा जवळचा मित्र निर्णय घेणाऱ्यांत असेल तर त्याने त्या प्रकरणापुरते बाजूला व्हावे, हेही त्यातच लिहावे. सदस्यांनी निवडलेले प्रतिनिधी ही कल्पना मोठ्या जगांतही चालते. 'ईव्ह ऑनलाइन' या खेळात २००८ पासून खेळाडू मतदानाने एक परिषद निवडतात आणि ती परिषद खेळ बनवणाऱ्या आइसलँडमधील कंपनीपुढे खेळाडूंचे म्हणणे मांडते.

शिक्षेबाबत एलिनॉर ऑस्ट्रॉम यांचे काम उपयोगी पडते. कुरणे, मासेमारीची ठिकाणे, पाटबंधारे अशी सामायिक साधने लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या कशी सांभाळली याचा अभ्यास करून त्यांनी टिकाऊ व्यवस्थांची काही समान लक्षणे मांडली, आणि २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांतील एक लक्षण म्हणजे शिक्षा पायरीपायरीने वाढत जाणे. पहिल्या चुकीला खासगीत समज, दुसरीला एखाद्या भेटीपुरती बंदी, नंतर महिनाभराची आणि शेवटी कायमची, असा क्रम ठेवला तर माणसाला सुधारण्यास वाव मिळतो. धमकी, लैंगिक छळ आणि अल्पवयीन मुलांशी गैरवर्तन यांना मात्र हा क्रम लावू नये. तेथे संबंधित व्यक्तीला तत्काळ बाहेर ठेवून मग चौकशी करावी, आणि त्या जगाच्या चालकांकडे तसेच आवश्यक तेथे पोलिसांकडे तक्रार नोंदवावी.

अवतार कार्टूनसारखा असला तरी झालेला त्रास खोटा ठरत नाही. मेटा कंपनीने २०२१ च्या डिसेंबरमध्ये 'होरायझन वर्ल्ड्स' अमेरिका आणि कॅनडात खुले केले, त्याच सुमारास तेथे अवतारांना नकोशा स्पर्शाच्या तक्रारी पुढे आल्या, आणि २०२२ च्या फेब्रुवारीत कंपनीला दोन अवतारांमध्ये जवळजवळ चार फुटांचे अंतर राखणारी मर्यादा आणावी लागली. अशी सोय आपल्या जगात असेल तर सर्व भेटींमध्ये ती सुरू ठेवावी आणि ज्याला नको त्याने ती स्वतः बंद करावी.

पुराव्याचा प्रश्न येथे अवघड होतो. लिखित चॅटचा लॉग, म्हणजे आपोआप होणारी नोंद, राहतो, तर आवाज आणि हालचाली यांचा मागमूस उरत नाही. म्हणून तक्रारदाराला शक्य तितक्या लवकर वेळ, ठिकाण आणि उपस्थितांची नावे लिहून ठेवण्यास सांगावे, आणि समोरच्या व्यक्तीचे दिसणारे नाव टिपून न थांबता तिच्या खात्याचा कायमचा क्रमांक किंवा प्रोफाइलची लिंकही घ्यावी, कारण दिसणारे नाव अनेक जगांत बदलता येते. घडलेली गोष्ट पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या माणसांना सांगायला लावणे हीसुद्धा पीडा आहे. एकाच व्यक्तीने ऐकून घ्यावे आणि तिने लिहिलेली नोंद इतरांनी वाचावी.

भेटींमध्ये नियम पाळले जातात का हे पाहणाऱ्या मॉडरेटरांचीही काळजी घ्यावी लागते. प्रत्येक भेटीला निदान दोघे जण असावेत, दर तीन महिन्यांनी जबाबदारी बदलावी आणि सुट्टी मागणाऱ्याला कारण विचारू नये. समूहात अल्पवयीन सदस्य असतील तर प्रौढांनी त्यांच्याशी खासगी खोलीत किंवा खासगी संदेशांतून बोलू नये, असा नियम अपवादाशिवाय पाळावा.

या यादीत आता एका नव्या नियमाची भर घालावी लागेल. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे अवतार माणसांसारखे बोलू लागले आहेत, आणि ते सहाय्यक म्हणून उपयोगीही ठरतील; पण ज्याच्याशी आपण मन मोकळे करतो आहोत तो माणूस आहे की यंत्र, हे जाणण्याचा अधिकार प्रत्येक सदस्याला असला पाहिजे. असा अवतार आणणाऱ्याने तो यंत्रचालित असल्याचे त्याच्या नावातच दाखवावे आणि संभाषणे कोठे साठवली जातात ते सांगावे.

पैशांविषयी थोडेच सांगायचे आहे. जागेच्या भाड्यासाठी किंवा सर्व्हरसाठी वर्गणी जमवत असाल तर व्यवहाराचे अधिकार किमान दोघांकडे असावेत, हिशेब दरमहा सर्वांना दिसावा, आणि त्या जगाच्या अंतर्गत चलनात गरजेपेक्षा जास्त शिल्लक ठेवू नये, कारण जग बंद झाले की त्या चलनाला काहीच किंमत उरत नाही.

स्मृती आणि माणसांचे पत्ते

समूहाचा एक लिखित साठा जगाबाहेर असावा. त्यात नियम, झालेले निर्णय व त्यांची कारणे, बांधकामांची दिनांकासह छायाचित्रे, आणि कोणी काय केले याची नोंद ठेवावी. हा साठा एकाच व्यक्तीच्या खात्यावर असू नये आणि त्याची दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणी असावी. चॅटचे लॉग किंवा आवाज जपायचे असतील तर आधी सर्वांची संमती घ्यावी, आणि ज्याला आपले शब्द नोंदीतून काढून हवे आहेत त्याचे म्हणणे मानावे.

माणसांचे पत्ते हा भाग बहुतेक समूह टाळतात, आणि तोच सर्वांत मोलाचा आहे. नॉर्वेतील मॅट्स स्टीन हा तरुण स्नायूंच्या असाध्य विकाराने २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये वयाच्या पंचविसाव्या वर्षी वारला. मुलाचे आयुष्य एकाकी गेले असे त्याच्या आईवडिलांना वाटत होते. वडिलांनी त्याच्या ब्लॉगवर निधनाची बातमी लिहिली आणि 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या ऑनलाइन खेळातील 'स्टारलाइट' या त्याच्या गिल्डमधून, म्हणजे खेळाडूंच्या गटातून, पत्रांचा ओघ सुरू झाला. तो किती जणांचा जवळचा सोबती होता हे कुटुंबाला तेव्हा कळले, आणि अंत्यसंस्काराला गिल्डमधील काही जण दुसऱ्या देशांतून आले. ही भेट घडली ती एका ब्लॉगमुळे. आपल्या समूहात ती योगायोगावर सोडू नये. ज्यांची इच्छा असेल त्यांनी एक ईमेल पत्ता आणि अडचणीच्या वेळी कळवण्याजोग्या एका नातलगाचा किंवा मित्राचा संपर्क दोन विश्वासू सदस्यांकडे ठेवावा. ही यादी पूर्णपणे ऐच्छिक, कुलूपबंद आणि समूह सोडताच पुसली जाणारी असावी. ज्यांना खरे नाव उघड करायचे नाही त्यांना वेगळा ईमेल पत्ता पुरतो.

बंद होण्याची सूचना आली तर

हाती वेळ थोडाच असतो. 'सिटी ऑफ हीरोज' या ऑनलाइन खेळाच्या खेळाडूंना २०१२ मध्ये तीन महिने मिळाले, 'ऑल्टस्पेसव्हीआर'च्या रहिवाशांना दोन महिन्यांहून कमी, आणि 'ग्लिच' या जगाच्या खेळाडूंना तर चार आठवडेही मिळाले नाहीत. म्हणून सूचना आल्याच्या पहिल्याच आठवड्यात संपर्कयादी पूर्ण करावी, दुसऱ्यात मूळ फाइली आणि छायाचित्रे उतरवून घ्यावीत, आणि कोठे जायचे याची चर्चा त्यानंतर करावी. बहुतेक समूह नव्या जागेच्या वादाने सुरुवात करतात, आणि तोवर निम्मी माणसे पांगलेली असतात. नवी जागा ठरली की जुनी बंद होण्याआधीच तेथे भेटी सुरू कराव्यात. दिवस आणि वेळ मात्र तीच ठेवावी. ज्यांना नव्या जागी यायचे नाही त्यांना संपर्कयादीत राहण्याचा पर्याय द्यावा.

कंपनीशी बोलणी करण्यात अर्थ आहे, फक्त त्याला बरीच वर्षे लागू शकतात. 'उरू'चा ऑनलाइन भाग २०१० मध्ये देणग्यांच्या आधारे विनामूल्य परतला आणि पुढच्याच वर्षी त्याचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमची मूळ संहिता, खुला झाला. 'सिटी ऑफ हीरोज' बंद झाल्यावर चाहत्यांनी ते आपल्या सर्व्हरवर चालवले, आणि २०२४ च्या जानेवारीत 'होमकमिंग' या चाहत्यांच्या सर्व्हरला मूळ कंपनीने रीतसर परवाना दिला. युरोपात 'स्टॉप किलिंग गेम्स' ही चळवळ २०२४ मध्ये उभी राहिली. विकलेला खेळ बंद करताना तो चालवण्याजोग्या स्थितीत ठेवावा अशी तिची मागणी आहे, आणि तिच्या युरोपीय नागरिक उपक्रमाने, म्हणजे सह्या गोळा करून युरोपीय संघाकडे केलेल्या रीतसर मागणीने, २०२५ च्या जुलैपर्यंत १० लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. अशा प्रयत्नांना समूहांनी नावानिशी पाठिंबा द्यावा, असे मला मनापासून वाटते. दुसरी आशा खुल्या मानकांची आहे. त्रिमितीय वस्तूंसाठीचा 'जीएलटीएफ' हा फाइलप्रकार २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाला, आणि त्यावर आधारलेला, जपानमधून आलेला 'व्हीआरएम' हा प्रकार मानवाकृती अवतार एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात नेण्यासाठी वापरला जातो. सगळी जगे हे प्रकार थेट स्वीकारत नाहीत, तरी आपली निर्मिती या प्रकारांत जपून ठेवली तर उद्या तिला नवी जागा शोधणे सोपे जाईल.

सूचना येण्याची वाट न पाहता वर्षातून एकदा स्थलांतराचा सराव करावा. एक नेहमीची भेट मुद्दाम दुसऱ्या जगात ठेवावी, तिचे निमंत्रण केवळ जगाबाहेरच्या संपर्कयादीवरून पाठवावे आणि साठवलेल्या फाइलींतून एक लहानशी वास्तू तेथे उभारून पाहावी. भेटीनंतर कोण येऊ शकले नाही याची यादी करून त्या आठवड्यातच प्रत्येकाला विचारावे की निमंत्रण मिळाले नाही, यंत्रावर ते जग चालले नाही की वेळ जुळली नाही, आणि मिळालेल्या उत्तरांप्रमाणे पत्ते, जागेची निवड व वेळ यांत लगेच दुरुस्ती करावी.